जुनी गाडी आणि एक मेकॅनिक

सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने पदरात घ्या. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून माझ्या रूम पार्टनरने महिनाभर डोकं खाल्लं. विषय सुचत नव्हता. शेवटी ठरवलं, की ज्या माणसामुळे माझ्या आजोबांची गाडी भंगारात जाता जाता वाचली, त्याच्यावरच लिहायचं. तो माणूस १९३३ साली वारला आणि त्याचा-माझा काही संबंध नाही. तरीपण!

त्यांचं नाव सर हेन्री रॉईस. होय, रोल्स-रॉईसमधले रॉईस. हे नाव ऐकलं की आपल्याकडे लगेच कोणीतरी महाराजांनी रोल्स-रॉईस कचरा उचलायला लावल्याची गोष्ट सुरू करतं. ती फॉरवर्डवाली गोष्ट मी सांगणार नाही. मला सांगायची आहे ती एका सेकंडहँड गाडीची गोष्ट.

पण आधी माझी स्वतःची फजिती सांगायला हवी.

आमच्या घरी आजोबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. स्टिअरिंगजवळचा गिअर, जाडजूड पत्रा आणि सीटला तो खास वास. सेकंड इयर संपल्यावर मला वाटलं, आता आपण मेकॅनिकलवाले, आता गाडी आपण सुधारणार. गाडीचे हेडलाइट मंद पडायचे. मी बाजारातून १०० वॅटचे हॅलोजन बल्ब आणले आणि जुने काढून तिथे बसवले. दहा मिनिटांचं काम. प्रकाश बघून मी जाम खूश! महिन्याभराने पुण्याहून साताऱ्याला जाताना रात्री खंबाटकी घाट चढत होतो. मी चालवत होतो, आजोबा शेजारी. डॅशबोर्डखालून धूर आला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि दोन्ही दिवे एकदम गेले. काळोख, वळण आणि मागे ट्रक. आजोबांनी दार धरून ठेवलं होतं, एक शब्दही बोलले नाहीत. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि दोन तास तिथेच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पप्पांनी जाहीर केलं, की गाडी भंगारात द्यायची. आणि आजोबांनी त्यानंतर मी चालवत असलेल्या गाडीत बसणं बंद केलं. रागावले नाहीत. नुसते बसेनासे झाले. ते जास्त लागलं.

गॅरेजवाल्या काकांनी पप्पांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि मला कामाला लावलं. त्या पंधरा दिवसांत रात्री मी रॉईस यांच्याबद्दल वाचत होतो. सुरुवात टाइमपास म्हणून झाली. मग लक्षात आलं, की काका दिवसा जे शिकवतायत तेच मी रात्री वाचतोय.

हेन्री रॉईस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन गावात झाला. पाच भावंडांत धाकटे. वडिलांची पिठाची गिरणी होती, ती बुडाली. कुटुंब लंडनला आलं आणि हेन्री नऊ वर्षांचे असताना वडील गेले. शाळा जेमतेम वर्षभर. मग हा पोरगा रस्त्यावर पेपर विकायला लागला, तारा पोचवायला लागला. पुढे एका आत्याने पैसे भरले म्हणून पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागला. तीन वर्षांनी आत्याचे पैसे संपले आणि शिक्षणही तिथेच संपलं. म्हणजे डिग्री नाही, डिप्लोमा नाही, अ‍ॅप्रेंटिसशिपसुद्धा अर्धवट! आपण एका केटीने खचून जातो, हे आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

त्यानंतर लीड्समध्ये टूल बनवणाऱ्या कंपनीत थोडे दिवस काम केलं, मग लंडनच्या एका विजेच्या कंपनीत. वीज तेव्हा अगदी नवीन होती. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. पुढे लिव्हरपूलला दिव्यांच्या कामावर गेले, तर ती कंपनीच बंद पडली. १८८४ मध्ये स्वतःचे साठवलेले २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राचे ५० पौंड एवढ्या भांडवलावर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर छोटं वर्कशॉप टाकलं. घरगुती विजेच्या घंटांचे संच, दिव्यांचे सुटे भाग असली कामं. दोघं वर्कशॉपच्या वरच राहायचे आणि इनॅमल भाजायच्या भट्टीवर जेवण गरम करायचे. (हॉस्टेलमध्ये इस्त्रीवर पोळी गरम करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पुढे त्यांचे डायनॅमो आणि विजेच्या क्रेन नावाजल्या गेल्या. चांगला माल, टिकाऊ माल. पण १९०० च्या सुमारास जर्मनी-अमेरिकेहून स्वस्त क्रेन यायला लागल्या आणि धंदा मंदावला. रॉईस किंमत कमी करण्यासाठी दर्जा उतरवायला तयार नव्हते. अतिकामाने तब्येतही ढासळली.

आता येते ती गाडी. १९०३ च्या सुमारास रॉईस यांनी डेकोव्हील नावाची एक फ्रेंच गाडी सेकंडहँड घेतली. दोन सिलिंडर, १० हॉर्सपॉवर. त्या काळाच्या मानाने गाडी वाईट नव्हती, उलट चांगल्यातली होती. पण रॉईस यांना तिचा आवाज सहन होईना, थरथर सहन होईना, इग्निशनचा भरवसा वाटेना. त्यांनी ती वर्कशॉपमध्ये आणली आणि पूर्ण खोलली.

आता मी असतो तर काय केलं असतं? मोठा कार्ब्युरेटर लावला असता, चकाचक सायलेन्सर लावला असता. रॉईस यांनी एकेक भाग हातात घेऊन हा असा का केलाय, हे विचारलं. जे ठीक होतं ते ठेवलं, जे ठीक नव्हतं ते पुन्हा बनवलं. ते विजेवाले होते, त्यामुळे इग्निशन हा त्यांचा हातखंडा विषय. स्पार्क वेळेवर आणि प्रत्येक वेळी पडलाच पाहिजे. गिअरचे दाते नीट कापले की आवाज कमी होतो, फिरणारे भाग बॅलन्स केले की थरथर कमी होते. यात नवीन शोध एकही नाही. मोटार त्यांनी शोधली नाही, इंजिनही नाही. दुसऱ्याने केलेली वस्तू समजून घेऊन ती नीट करणं हे त्यांचं काम, आणि ते मेकॅनिकचंच काम आहे. शेवटपर्यंत ते स्वतःला मेकॅनिकच समजत.

त्या अभ्यासातून त्यांनी स्वतःच्या तीन गाड्या बनवल्या. पहिली १ एप्रिल १९०४ ला रस्त्यावर आली. त्यातली एक हेन्री एडमंड्स या त्यांच्या परिचिताकडे गेली, आणि एडमंड्स यांचे मित्र होते चार्ल्स रोल्स. रोल्स म्हणजे उमरावाचा मुलगा, केंब्रिजचा इंजिनिअर, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. दोन सिलिंडरच्या गाड्या त्यांना आवडत नसत. पण ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलमध्ये दोघं भेटले, रोल्स गाडीत बसले आणि मत बदललं. रॉईस बनवतील तेवढ्या सगळ्या गाड्या विकायचं त्यांनी कबूल केलं. पेपर विकणारा पोरगा आणि लॉर्डचा मुलगा, अशी ही जोडी!

लगेच सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्यांच्या सहा सिलिंडरच्या ३० हॉर्सपॉवर गाडीत क्रँकशाफ्ट तुटायला लागले. इथे मला आमचा थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर आठवला. लांब क्रँकशाफ्टवर सहा ठिकाणी आलटून-पालटून धक्के बसतात, शाफ्ट पिळला जातो आणि सुटतो. एका ठरावीक वेगाला हे पिळणं वाढत जातं आणि लोखंड थकून तुटतं. टॉर्शनल व्हायब्रेशन. आम्ही सूत्र पाठ केलं, दहा मार्कांचं गणित सोडवलं आणि विसरलो. रॉईस यांच्यासाठी तो तुटलेला शाफ्ट आणि परत आलेलं गिऱ्हाईक होतं. त्यांनी थरथर शोषणारा डँपर बसवला. आणि पुढच्या ४०/५० मॉडेलला क्रँकशाफ्टच जाड केला, सात बेअरिंगवर टेकवला, सिलिंडर तीन-तीनच्या दोन ब्लॉकमध्ये ओतले आणि दाबाने तेल खेळवलं. म्हणजे तुटलेला भाग नुसता बदलला नाही, तुटण्याचं कारण काढून टाकलं. चॅसीत तर रिव्हेटऐवजी निमुळते बोल्ट वापरले, कारण रिव्हेट थंड होताना आकसतो आणि भोकात ढिला राहू शकतो. निमुळता बोल्ट भोक पूर्ण भरतो.

हीच ती गाडी जिला सिल्व्हर घोस्ट म्हणतात. १९०७ मध्ये ती लंडन-ग्लासगो अशी फेऱ्या मारत जवळपास १५,००० मैल पळवली. नंतर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या इंजिनिअरांनी ती खोलून प्रत्येक भाग मोजला. पुन्हा नव्यासारखी करायला लागलेल्या सुट्या भागांचा खर्च आला दोन पौंडांच्या जरा वर. आणि आपल्या लोकांसाठी खास माहिती : १९०८ मध्ये याच मॉडेलची एक गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपले घाट चढून गेली! नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. त्या वेळचे घाटरस्ते डोळ्यापुढे आणा. मला तर खंबाटकीतली ती रात्रच आठवली.

१२ जुलै १९१० ला रोल्स विमान अपघातात गेले, वय फक्त ३२. थोड्याच काळात रॉईसही गंभीर आजारी पडले, मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं ते डर्बीच्या कारखान्यापासून लांब, दक्षिण फ्रान्समध्ये आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या वेस्ट विटरिंग गावात राहिले. डिझायनर त्यांच्याजवळच राहायचे, ड्रॉइंग तपासून कारखान्यात पाठवली जायची. अशा अवस्थेत त्यांनी विमानांची इंजिनं केली. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो रोल्स-रॉईसच्या दोन ईगल इंजिनांवर. १९३१ मध्ये त्यांच्या ‘आर’ इंजिनाने विमान ताशी ४०० मैलांच्या पुढे नेलं. १९३० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ एप्रिल १९३३ ला ते वारले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे किताबही त्यांच्याबरोबरच संपला. त्यांच्याच देखरेखीत आखलेलं पुढचं इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा सुरू झालं. तेच मर्लिन, पुढे स्पिटफायर विमानांत बसलेलं. ते त्यांनी चालताना ऐकलंच नाही.

आता आमची पद्मिनी. काकांनी पहिल्या दिवशी मला नवीन काहीच बसवू दिलं नाही. त्यांचा नियम एकच : आधी गाडी कंपनीतून आली तशी कर, मग बदलाचं बोल. मीटर हातात देऊन व्होल्टेज मोजायला सांगितलं. बॅटरीवर १२.४, बल्बपाशी १०.५. बाकीचे गेले कुठे? गंजलेल्या अर्थिंगमध्ये, काळ्या पडलेल्या कनेक्टरमध्ये, म्हाताऱ्या वायरमध्ये. म्हणजे बल्बचा दोष नव्हताच! त्यात मी १०० वॅटचे दोन बल्ब लावले. २०० भागिले १२, जवळजवळ १७ अँपिअर. मूळ वायर आणि स्विच एवढ्या करंटसाठी नव्हतेच. वायर तापली, इन्सुलेशन वितळलं. हे सूत्र मला बारावीपासून पाठ आहे. पण दिवा मंद का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मग अर्थिंग घासून पुसून घट्ट केलं, वायरिंग नवीन टाकलं, बॅटरीपासून वेगळी जाड वायर फ्यूज आणि रिलेमधून दिव्याला नेली. आता स्विचमधून फक्त रिलेपुरता थोडा करंट जातो. बल्ब मात्र मूळ वॅटचेच लावले. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यावर झोत मारणं हे मॉडिफिकेशन नव्हे, गुन्हा आहे, असं काकांचं मत. आणि गंमत बघा, रस्ता आता १०० वॅटवाल्यांपेक्षा स्वच्छ दिसतो, कारण झोत जिथे पडायला हवा तिथेच पडतो.

२०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा गेली. आमची मात्र आहे. पंधराव्या दिवशी पप्पांनी बॉनेट उघडून सगळं वायरिंग पाहिलं आणि काही न बोलता बॉनेट बंद केलं. भंगारवाल्याचा फोन नंतर आला नाही.

मागच्या सुट्टीत संध्याकाळी मी गाडी बाहेर काढत होतो. आजोबा चपला घालून आले. आधी दोन्ही दिवे लावायला लावले, पुढे जाऊन पाहिले, एकदा अप्पर, एकदा डिप्पर. मग दार उघडून शेजारी बसले. घाटापर्यंत जाऊन येऊ, एवढंच म्हणाले.