सर डीट्रिख ब्रँडिस

बडनेऱ्याच्या स्टेशनात मुंबईची गाडी येऊन उभी राहिली म्हणजे आपली दृष्टी एंजिनाकडे जाते, डब्यांकडे जाते; रुळांखाली काय आहे हे पाहण्याचे कोणास सहसा कारण पडत नाही. आता तेथे काँक्रीटचे स्लीपर आहेत. परंतु 1867 मध्ये हा लोहमार्ग नागपुरास पोचला त्या काळी अशा मार्गांखाली बहुधा लाकूडच घालीत. मैलामागे दीड-दोन हजार स्लीपर लागत, आणि पावसाने व वाळवीने ते थोड्याच वर्षांत निकामी झाले म्हणजे जंगलात पुन्हा कुऱ्हाड चाले. हे लाकूड कोठवर पुरणार, या चिंतेत ज्यांचे सारे आयुष्य गेले त्या पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असावी असे मला फार दिवस वाटत होते.

डीट्रिख ब्रँडिस यांचा जन्म 31 मार्च 1824 रोजी जर्मनीतील बॉन शहरी झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. मुलाने वनस्पतिशास्त्र घेतले व बॉन येथेच तो अध्यापन करू लागला. तो तेथेच राहिला असता तर फार तर एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव उरले असते. परंतु 1854 मध्ये त्यांचा विवाह रेचल यांच्याशी झाला. या बाई श्रीरामपूर मिशनच्या जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. ज्या मिशनच्या छापखान्यातून 1805 मध्ये विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण बाहेर पडले तेच हे श्रीरामपूर. रेचलबाईंच्या बहिणीचे यजमान सेनापती हॅवलॉक होते. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानी गेले, आणि 1856 मध्ये ते ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांचे अधिकारी म्हणून दाखल झाले.

त्या वेळी तेथे काय चालले होते ते नीट समजून घेतले पाहिजे. शेजारचा तेनासरीम प्रांत 1826 पासून इंग्रजांकडे होता. तेथील साग व्यापाऱ्यांस खुला केला गेला. मौलमीनच्या बंदरात जहाजे बांधली जाऊ लागली, लाकूड विलायतेस जाऊ लागले, आणि तीस वर्षांच्या आत तेथील उत्तम जंगल संपले. मागे कोणी एक रोपही लावले नाही. 1852 मध्ये पेगू हाती येताच व्यापाऱ्यांचे डोळे तिकडे लागले. पुढे रेल्वेची मागणी त्यात मिळाली. दोष मात्र डोंगरात जंगल जाळून राखेत भात पेरणाऱ्या करेन लोकांवर सहज टाकला जाई. त्यांच्या शेतीने झाडांची हानी होई हे खरे. परंतु तेनासरीम ओसाड केले ते परदेशच्या गिऱ्हाइकाने, हे विसरता येत नाही. आजही ॲमेझॉनच्या खोऱ्यात गुरांच्या कुरणांसाठी व सुमात्रा-बोर्निओ बेटांत तेलताडाच्या मळ्यांसाठी वर्षावने तोडली जातात. तेथेही कुऱ्हाड एका ठिकाणी चालते आणि गिऱ्हाईक हजारो कोसांवर बसलेले असते.

ब्रँडिस यांनी प्रथम केले ते एवढेच की, झाडे मोजली. हत्तीवर बसून ते जंगलातून वाट काढीत. डाव्या हाती बांबूच्या कांड्या, उजव्या हाती चाकू. वाटेच्या दोन्ही अंगांस दिसणाऱ्या सागांचे घेरावरून वर्ग ठरवून, ज्या वर्गाचे झाड त्याच्या कांडीवर ते खाच पाडीत. असे महिनोन्‌महिने चालले. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की, दरवर्षी किती मोठी झाडे तोडली असता तितकीच लहान झाडे वाढून त्यांची जागा घेतील. त्याहून अधिक तोडू द्यायची नाहीत. आमच्या गणिताच्या वर्गातील मुलांस त्रैराशिक कशास शिकावे असा प्रश्न नेहमी पडतो. एका देशाचे अरण्य त्यावर उभे राहिले एवढे येथे सांगून ठेवतो. व्यापाऱ्यांनी या बंधनास कडवा विरोध केला, पण ते हटले नाहीत.

करेन लोकांस त्यांनी हाकलून दिले नाही. भाताबरोबरच त्यांनी सागाचेही बी पेरावे, एक-दोन पिके काढून पुढे सरकावे, आणि मागे सागाचे वन उभे राहावे, अशी तोड काढली. या पद्धतीस ब्रह्मी भाषेतील तौंग्या हे नाव पडले.

1863 मध्ये रेचलबाई निवर्तल्या. पुढील वर्षी, 1864 मध्ये, ब्रँडिस हिंदुस्थानच्या जंगल खात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले व 1883 पर्यंत त्या पदावर राहिले. डेहराडूनची वनशाळा 1878 मध्ये निघाली ती त्यांच्याच खटपटीने. त्याच वर्षी जंगलचा मोठा कायदा झाला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी हीच. गावांजवळ गावकऱ्यांची स्वतःची जंगले असावीत, सरपण व चराईचे जुने हक्क राखावेत, असे त्यांचे मत होते. बेडन-पॉवेल प्रभृती अधिकाऱ्यांस सर्व सत्ता सरकारची हवी होती. कायद्यात ग्रामवनांचे प्रकरण राहिले, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. राखीव जंगले मात्र झपाट्याने वाढली. ज्या खात्याची उभारणी ब्रँडिस यांनी केली त्याच खात्याच्या चौकीवर पुढे गरिबाची मोळी अडविली जाऊ लागली. हा दोष त्यांच्या पदरी किती घालावा हे ठरविणे सोपे नाही; ते वरिष्ठ पदावर होते व कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत झाला.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा निराळा असला तरी धोरण तेच आले. मेळघाटचा साग राहिला, त्यात शंका नाही. पण तेथील कोरकू लोक आपल्याच रानात परवानगीने वावरू लागले. हक्क मान्य करणारा कायदा 2006 मध्ये झाला. त्यानुसार मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावास 2012 मध्ये आसपासच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड टेकड्यांवर झाडे लावली, आणि तेथील सीताफळे ते मिळून विकू लागले.

निवृत्तीनंतर ब्रँडिस बॉनला परतले. अमेरिकेच्या वनखात्याचे पुढे प्रमुख झालेले गिफर्ड पिंचो यांस त्यांचे मार्गदर्शन लाभले. हिंदुस्थानातील झाडांची माहिती गोळा करण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. त्यांचा मोठा ग्रंथ 1906 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध झाला. 28 मे 1907 रोजी बॉन येथे त्यांनी देह ठेवला.