रुग्णसेविका फ्लॉरेन्स नाइटिंगेल

विद्यार्थी मित्रांनो, परिचारिकांच्या अनेक प्रशिक्षण विद्यालयांत दरवर्षी एक छोटासा समारंभ होतो. नव्या विद्यार्थिनी पांढऱ्या गणवेशात रांगेने उभ्या राहतात. आता त्यांच्यात मुलगेही असतात. प्रत्येकाच्या हातात पेटता दिवा असतो. रुग्णांची सेवा प्रामाणिकपणे करू, अशी शपथ ते घेतात. ही शपथ १८९३ साली अमेरिकेत तयार झाली. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या नावाने ओळखली जाते आणि हातातला दिवाही तिचीच आठवण करून देतो.

तुमच्यापैकी एखाद्या मुलीला परिचारिका व्हावेसे वाटत असेल. एखादीच्या घरातून तिला विरोधही होत असेल. फ्लॉरेन्सलाही घरातूनच विरोध झाला होता. तिने काय केले, ते आता पाहू.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. शहराचेच नाव मुलीला ठेवले. तिचे आईवडील इंग्रज होते व फार श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती. घरात नोकरचाकर होते, पाहुण्यांची सतत ये-जा होती. वडील विद्वान होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा आणि इतिहास हे विषय फ्लॉरेन्स वडिलांकडून शिकली. तिला सर्वांत जास्त ओढ मात्र गणिताची होती. आकडे मांडणे, तक्ते तयार करणे यांत ती रमून जाई. ही आवड पुढे हजारो माणसांच्या उपयोगी पडणार होती.

फ्लॉरेन्स मनाने धार्मिक होती. सतरावे वर्ष चालू असताना, ७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, असे तिला वाटले. कोणती सेवा, हे तिला तेव्हा उमगले नव्हते. पुढे आसपासच्या खेड्यांतील गरीब आजाऱ्यांच्या घरी ती जाऊ लागली. त्यांची दशा पाहून तिचा निश्चय झाला. आपण रुग्णांची सेवा करायची, आणि ती नीट शिकून करायची!

१८४५ साली तिने ही इच्छा घरी सांगितली. जवळच्या एका रुग्णालयात काही महिने राहून काम शिकण्याची परवानगी तिने मागितली. घरात जणू वीज कोसळली. आई रागावली, बहीण रडू लागली. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये घाणेरडी असत. तिथे काम करणाऱ्या बायकांना कसलेही शिक्षण नसे, त्यांपैकी काही जणी दारूही पीत. चांगल्या घरातील मुलीने तिथे पाऊल ठेवणे म्हणजे घराण्याची बेअब्रू, असे लोक मानत. तिला परवानगी मिळाली नाही.

मग फ्लॉरेन्सने काय केले? ती घर सोडून गेली नाही, पण तिने आपला निश्चयही सोडला नाही. ती पहाटे, घर जागे होण्यापूर्वी उठे. मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे सरकारी अहवाल वाचून काढी. त्यांतील आकडे वहीत उतरवून घेई. न्याहारीची घंटा वाजली की वही बंद करून ती मुकाट्याने खाली येई. असे एक-दोन महिने नव्हे, कितीतरी वर्षे चालले. एका विद्वान तरुणाने तिला लग्नाची मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता. पण संसारात पडलो तर आपले काम होणार नाही, असा विचार करून १८४९ साली तिने त्याला नकार दिला.

या काळात तिला दोन ठिकाणांहून बळ मिळाले. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कायझर्सवर्थ नावाचे गाव होते. तिथे फ्लीडनर नावाच्या पाद्र्याने रुग्णालय व सेविकांची शाळा चालवली होती. १८५१ साली फ्लॉरेन्स तिथे तीन महिने राहिली. पहाटे पाचला उठायचे, साधे अन्न खायचे आणि दिवसभर रुग्णांजवळ काम करायचे! नोकरचाकरांत वाढलेली ही मुलगी तिथे अतिशय सुखी होती. त्याच सुमारास एलिझाबेथ ब्लॅकवेल हिच्याशी तिची मैत्री झाली. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री होती. एका स्त्रीने अशक्य वाटणारी गोष्ट करून दाखवली आहे, हे फ्लॉरेन्सने प्रत्यक्ष पाहिले.

शेवटी वडिलांचे मन वळले. १८५३ साली लंडनमधील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची प्रमुख म्हणून तिने काम सुरू केले. वडिलांनी तिला वर्षाला पाचशे पौंड देण्याचे कबूल केले. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. म्हणजे पहिली परवानगी मागितल्यापासून तिला आठ वर्षे वाट पाहावी लागली.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड व फ्रान्स हे देश तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध लढू लागले. इंग्लंडचे जखमी सैनिक जहाजांतून स्कुतारी येथे आणले जात. हे ठिकाण तेव्हाच्या इस्तंबूल शहराच्या समोर, सामुद्रधुनीच्या पलीकडे होते. आज त्याला उस्कुदार म्हणतात. तुर्की सरकारने सेलिमिये नावाची आपली प्रचंड लष्करी बराक इंग्रजांना रुग्णालयासाठी दिली होती. तिथे जखमींचे कसे हाल होतात, याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. सारा देश हळहळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सला ओळखत होते. आपण स्कुतारीला जावे, अशी विनंती करणारे पत्र त्यांनी तिला लिहिले. गंमत अशी, की मी जाऊ का, असे विचारणारे तिचे पत्रही त्याच वेळी त्यांच्याकडे निघाले होते!

४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती अडतीस परिचारिकांसह स्कुतारीला पोहोचली. तिथे लष्करी डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले नाही. बायकांचे इथे काय काम, असे त्यांना वाटत होते. फ्लॉरेन्सने भांडण केले नाही. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही, असा नियम तिने आपल्या परिचारिकांना घालून दिला. त्या पट्ट्या शिवत बसल्या. काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतील जखमींची रीघ लागली. डॉक्टरांना कामाचा उरक होईना. तेव्हा त्यांनीच तिला हाक मारली.

रुग्णालयाची अवस्था कशी होती? फरशीवर घाण होती, उंदीर फिरत होते. रुग्णांना सदरे नव्हते, टॉवेल नव्हते, जेवायला चमचेही नव्हते. फ्लॉरेन्सने फरशा घासायला शेकडो ब्रश मागवले. जवळच एक घर भाड्याने घेऊन तिथे कपडे उकळून धुण्याची सोय केली. अशक्त रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर सुरू केले. वर्तमानपत्राच्या वाचकांनी पाठवलेला निधी आणि स्वतःचे पैसे तिने या कामासाठी वापरले. पै-पैचा हिशेब ठेवला. मरणाऱ्या सैनिकांच्या घरी ती स्वतः पत्रे लिही. रात्री सगळीकडे सामसूम झाली की ती एकटी हातात कंदील घेऊन लांबच लांब दालनांतून फिरे. हा कंदील म्हणजे कागदाच्या घडीचा साधा तुर्की फानूस होता. वेदनेने तळमळणाऱ्या सैनिकांना तो उजेड दिसला की धीर येई. यामुळेच लोक तिला दीपधारिणी म्हणू लागले. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनी तिला हिऱ्यांचे कंकण भेट दिले.

मित्रांनो, बऱ्याच पुस्तकांत ही कथा इथे संपते. खरी कथा मात्र पुढे आहे.

इतकी सेवा करूनही त्या हिवाळ्यात रुग्णालयातील मृत्यू थांबले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस जण दगावले. बहुतेक जण जखमांनी मेले नव्हते. ते ताप, कॉलरा आणि हगवण यांनी मेले होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्याचे जाणकार आले. त्यांनी तपासणी केली. इमारतीखालील गटारे तुंबली होती. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर सापडले. त्यांनी गटारे साफ केली, घाणीच्या गाड्या बाहेर काढल्या, भिंतींना चुना लावला आणि खेळती हवा आणली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शंभरात दोनवर आले.

१८५६ साली फ्लॉरेन्स इंग्लंडला परतली. देशभर तिचा जयजयकार चालू होता. पण ती सत्कार टाळून गुपचूप घरी आली. नंतर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने युद्धातील सारे मृत्यू मोजले. प्रत्यक्ष रणभूमीजवळच्या रुग्णालयांपेक्षा स्कुतारीला जास्त माणसे मेली होती, असे आकड्यांनी दाखवले. म्हणजे जिथे तिने रात्रंदिवस कष्ट केले, तेच रुग्णालय इतके घातक होते! ही गोष्ट ती दडवू शकली असती. लोक तिला देवता मानत होते, तिला कोणी जाब विचारला नसता. तरी तिने ती आपल्या अहवालात लिहिली. मंत्र्यांना चटकन समजावी म्हणून तिने रंगीत आकृत्या काढल्या. रोगाने किती मेले व जखमांनी किती, हे त्या आकृतीवर नजर टाकताच कळे. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री होती.

एवढ्या मृत्यूंतून तिने एक धडा घेतला. नुसती दया पुरेशी नाही, तिच्याबरोबर ज्ञानही पाहिजे. म्हणून लोकांनी तिच्या गौरवासाठी जमवलेल्या निधीतून तिने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. क्रिमियातील तापाने तिची प्रकृती खालावली होती. बहुतेक वेळ ती अंथरुणावरच असे. पण तिथूनच ती पत्रे लिही, अहवाल तयार करी, विद्यार्थिनींची चौकशी करी.

या शाळेत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स हिचे नाव लक्षात ठेवा. तिलाही फ्लॉरेन्सप्रमाणेच सेवेची ओढ होती. १८६५ साली ती लिव्हरपूल शहरातील अनाथ-गरिबांच्या रुग्णालयात गेली. अतिशय गलिच्छ अशा त्या जागी तिने शिस्त व स्वच्छता आणली. तीन वर्षांतच, १८६८ साली, टायफस तापाने तिचा बळी घेतला. परिचारिकेचे काम किती धोक्याचे असू शकते, हे यावरून कळते. असाच धोका २०२० साली कोरोनाच्या साथीत आपल्याकडील परिचारिकांनीही पत्करला.

फ्लॉरेन्स भारतात कधी आली नाही. तरीही तिने भारताचा विचार अनेक वर्षे केला. येथील लष्करी छावण्यांना तिने प्रश्नांचे तक्ते पाठवले. भारतातील इंग्रज सैनिकांत दरवर्षी हजारी एकोणसत्तर मृत्यू होतात, हे १८६३ च्या अहवालातून पुढे आले. शुद्ध पाणी आणि वाहती गटारे हाच त्यावरचा उपाय, असे तिने सांगितले. पुढे ती सैनिकांपुरती थांबली नाही. भारतातील खेडी, शेतकरी आणि दुष्काळ यांविषयीही तिने लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता.

म्हातारपणी तिची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ती वारली. थोरांच्या स्मशानात दफन करण्याचा मान तिच्या घरच्यांनी नाकारला. गावच्या चर्चजवळ तिची साधी कबर आहे. त्यावर तिच्या नावाची केवळ आद्याक्षरे आहेत. तिचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, फ्लॉरेन्सचा दिवा सर्वांना माहीत आहे. पण पहाटे मेणबत्तीपुढे उघडलेली तिची वहीही तुम्ही विसरू नका. तुम्हांला रुग्णांची सेवा करायची असेल, तर आजपासून विज्ञान व गणित मन लावून शिका. परवानगी मिळायला वेळ लागला, तर तोवर अभ्यास चालू ठेवा. आणि कधी आपल्या कामात चूक आढळली, तर ती लपवू नका. त्या चुकीतून जे शिकाल, त्याने कदाचित कोणाचा तरी जीव वाचेल.

स्वाध्याय

१. फ्लॉरेन्सला घरातून विरोध का झाला?
२. परवानगी मिळाली नाही तेव्हा फ्लॉरेन्सने काय केले?
३. स्कुतारीच्या रुग्णालयात मृत्यूंचे प्रमाण कशामुळे कमी झाले?
४. नुसती दया पुरेशी नाही, असे फ्लॉरेन्सला का वाटले?
५. तुम्हांला पुढे कोण व्हायचे आहे व त्यासाठी तुम्ही काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.