पगार ८० रुपये अन् काम देशाच्या कीपरचं! शेतकऱ्याचा पोरगा दत्ताराम हिंदळेकर

पिंपळगाव बसवंत : गावात टेनिस बॉलची टुर्नामेंट लागली की प्रत्येकाला ओपनिंग पाहिजे असते, नाहीतर बॉलिंग. कीपिंगला मात्र शेवटी जो उरेल तो. दिवसभर उठबस करायची, कॅच धरला तर कौतुक बॉलरचं आणि सुटला तर शिव्या कीपरला. निफाड, दिंडोरी, चांदवड, कुठंही जा, हेच चित्र. अशा या कामावर इंग्लंडचे दोन दौरे गाजवणारा आणि वयाच्या ४०व्या वर्षी पैशाअभावी नीट उपचार न मिळता गेलेला एक मराठी माणूस होता. दत्ताराम धर्माजी हिंदळेकर हे त्याचं नाव. आजच्या पोरांना हे नाव माहीत असण्याचं काही कारण नाही, कारण टीव्हीवर त्यांची एकही मॅच दिसत नाही.

हिंदळेकरांचा जन्म १ जानेवारी १९०९ चा, रत्नागिरीचा. घर शेतकऱ्याचं, परिस्थिती बेताची. कोकणातले हजारो लोक पोटासाठी मुंबईला जात, तसे हिंदळेकरही मुंबईकर झाले आणि मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला लागले. पगार महिन्याला ८० रुपये. या आकड्यावर पुढं पुन्हा यावंच लागेल.

त्या काळात मुंबईत क्रिकेट म्हणजे मोठा उत्सव असायचा. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मावर संघ पाडून सामने होत, पुढं १९३७ पासून इतरांचाही एक संघ त्यात आला. धर्मावर संघ पाडणं चुकीचंच होतं, खुद्द गांधीजींचाही त्याला विरोध होता. पण खेळणाऱ्याला नाव मिळायचं ते तिथंच. हिंदळेकर हिंदू संघाकडून खेळले, रणजी करंडकात मुंबईकडून खेळले. बॅटिंगची त्यांची तऱ्हा वेगळी होती. उभं राहताना डाव्या पायाचा अंगठा जमिनीवरून वर उचललेला. कुठल्याही कोचनं हे आधी दुरुस्त केलं असतं! पण त्याच पवित्र्यात ते देशासाठी ओपनिंगला गेले.

१९३६ साली भारताचा संघ बोटीनं इंग्लंडला गेला, त्यात पहिल्या पसंतीचे यष्टीरक्षक हिंदळेकर होते. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार. खेळापेक्षा संस्थान मोठं, हा तेव्हाचा हिशोब. संघात गटबाजी इतकी की लाला अमरनाथसारख्या खेळाडूला पहिल्या कसोटीआधीच घरी पाठवून दिलं गेलं. या सगळ्या राजेशाही भानगडीत पोर्ट ट्रस्टचा हा साधा नोकरदार आपलं काम करत राहिला.

२७ जून १९३६ रोजी लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली. विजय मर्चंटसोबत सलामीला हिंदळेकर. दोघांनी ६२ धावांची सुरुवात करून दिली. मर्चंट ३५, हिंदळेकर २६. बाकीचे फलंदाज गडगडले आणि डाव १४७ वर संपला. तरीसुद्धा इंग्लंडला १३४ वर गुंडाळून भारतानं १३ धावांची आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावात मात्र ९३ वर सगळे बाद, त्यात हिंदळेकरांच्या १७. सामना ९ गडी राखून इंग्लंडनं जिंकला.

या सामन्यात त्यांच्या बोटाच्या हाडाचा टवका उडाला, वर नजरही धूसर झाली. कीपरचा सगळा धंदा बोटं आणि डोळे या दोन गोष्टींवर चालतो. दोन्ही एकदम गेले. तेव्हा हेल्मेट नव्हतं, लेदर बॉल आणि हातात त्या काळचे ग्लोव्हज. उरलेल्या दोन कसोट्या हिंदळेकरांना खेळता आल्या नाहीत. पुढच्या मँचेस्टर कसोटीत त्यांच्या जागी मर्चंटसोबत सलामीला मुश्ताक अली गेले आणि या जोडीनं २०३ धावांची भागीदारी रचली, दोघांनीही शतकं ठोकली. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात ती भागीदारी कायमची लिहिली गेली. सलामीची ती जागा रिकामी कशी झाली, हे मात्र फार कमी जणांना आठवतं.

पुढं दुसरं महायुद्ध आलं. १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारताला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. खेळाडूच्या आयुष्यातली दहा वर्षं म्हणजे जवळजवळ सगळंच. हिंदळेकरांची २७ ते ३७ ही वर्षं अशीच गेली. नोकरी, घरसंसार आणि सुट्टी मिळेल तसं मुंबईचं क्रिकेट. पण १९४६ ला पुन्हा इंग्लंड दौरा ठरला तेव्हाही निवडणाऱ्यांना पहिला कीपर म्हणून तेच नाव सापडलं. सदतिसाव्या वर्षी!

या दौऱ्यात पाठीनं त्रास दिला, तरी तिन्ही कसोट्या ते खेळले. त्यातली मँचेस्टरची कसोटी सांगण्यासारखी. शेवटच्या दिवशी भारतापुढं २७८ धावांचं लक्ष्य होतं. ॲलेक बेडसर आग ओकत होता, त्यानं त्या डावात ७ बळी घेतले. बघता बघता नववा गडी गेला. आता मैदानात रंगा सोहोनी आणि अकरा नंबरला आलेले हिंदळेकर. घड्याळात उरली होती १३ मिनिटं. आजूबाजूला सगळे क्षेत्ररक्षक जवळ येऊन उभे. एक चेंडू चुकला की सामना गेला. दोघांनी ती १३ मिनिटं खेळून काढली. भारत ९ बाद १५२, सामना अनिर्णित. सोहोनी नाबाद ११, हिंदळेकर नाबाद ४. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतल्या सगळ्यात मोलाच्या धावा कुठल्या म्हणाल, तर लॉर्ड्सच्या २६ नव्हे, या ४.

एकूण हिशोब मांडला तर ४ कसोट्या, ७१ धावा. आकड्यांत हा माणूस मावत नाही.

आता त्या ८० रुपयांकडं वळू. तेव्हा इंग्लंडमधले कितीतरी खेळाडू व्यावसायिक होते. काउंटी त्यांना पगार द्यायची, बरीच वर्षं सेवा झाली की त्यांच्यासाठी खास सामना भरवून त्याचं उत्पन्न त्यांच्या हातात पडायचं. १९४६ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळलेला कीपर गॉडफ्रे इव्हान्स असाच व्यावसायिक. त्याच सामन्यात त्याच स्टंपमागं भारताकडून उभे असलेल्या हिंदळेकरांचं पोट मात्र गोदीतल्या नोकरीवर. आपल्याकडं खेळणाऱ्यांत एकीकडं राजे-महाराजे होते, त्यांना पैशाची गरज नव्हती. दुसरीकडं अशी माणसं होती, त्यांच्या गरजेचा विचार कुणी केलाच नव्हता.

१९४९ उजाडलं. फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी रंगली, भारताला विजयाला अवघ्या ६ धावा कमी पडल्या. मार्चमध्ये पुण्यात मुंबई-महाराष्ट्र रणजी सामन्यात धावांचा पाऊस पडला, दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा. त्यात मुंबईकडून २०० धावा काढणारा कीपर आपल्या नाशिकमध्ये जन्मलेला, माधव मंत्री. जिकडंतिकडं क्रिकेटच्याच गप्पा. आणि त्याच मुंबईत हिंदळेकर आजारी होते. त्यांनी मदतीसाठी हात पसरला तो अगदी शेवटी, तब्येत हाताबाहेर गेल्यावर. ३० मार्च १९४९ रोजी आर्थर रोडच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्राण सोडला. वय अवघं चाळीस.

मग क्रिकेटच्या संस्था हलल्या. कुटुंबासाठी आवाहन झालं, निधी गोळा झाला. जो पैसा औषधाला पाहिजे होता, तो दिवसपाण्यानंतर आला. आपल्याकडं हे नवीन नाही. गावातला कुस्तीचा पैलवान असो की तमाशातला कलावंत, फोटोला हार घालायला गर्दी होते, पण दवाखान्यात डबा घेऊन जाणारे दोनच.

हिंदळेकर गेले तेव्हा त्यांचा भाचा विजय मांजरेकर १७ वर्षांचा होता. दोन वर्षांनी, १९५१ मध्ये, तो भारताकडून खेळला. जून १९५२ ला लीड्सवर, ज्या इंग्लंडमध्ये मामाचं बोट मोडलं होतं तिथंच, त्यानं विजय हजारेंसोबत २२२ धावांची भागीदारी करत १३३ धावा काढल्या. वय होतं २०. त्या सामन्यात भारताचे ग्लोव्हज होते नाशिकच्या माधव मंत्रींच्या हातात.