पाहुण्या पाखरांच्या नोंदी ठेवणारा माणूस

मार्च महिना शाळेत परीक्षेचा असतो. वेळापत्रके, बैठक क्रमांक आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे यांतून मुख्याध्यापकाला मान वर करायला सवड मिळत नाही. नेमक्या याच दिवसांत बंगळूरच्या तलावांवर एक मोठी निरवानिरव चाललेली असते. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून आलेली तलवार बदके, थापट्या, चक्रांग ही पाहुणी मंडळी थव्याथव्याने परतीच्या वाटेला लागतात. आपल्या मैदानावर शेपटी वरखाली करीत हिंडणारे धोबी पक्षी एके सकाळी दिसेनासे होतात. भोरड्यांचे थवे एप्रिलमध्ये एकदा आभाळ व्यापून जातात आणि मग पुन्हा पावसाळा सरेपर्यंत त्यांचे दर्शन नाही.

आपल्या शाळेच्या निसर्ग मंडळाची मुले या दिवसांत रविवारी सकाळी तलावाच्या काठावर बसून पाखरे मोजतात. गेल्या एप्रिलमध्ये एका मुलीने आपल्या वहीत सगळ्या पाहुण्या बदकांपुढे शून्य मांडले आणि बाईंना विचारले, की हे लिहायचे का पान कोरे सोडायचे. बाईंनाही नक्की सांगता येईना. त्या तिला घेऊन माझ्या खोलीत आल्या. मी त्या वेळी काय उत्तर दिले ते पुढे सांगेन. पण त्या एका शून्यामुळे मी डॉ. सलीम अली यांचे चरित्र पुन्हा काढून वाचले, आणि हीरक महोत्सवाच्या या ग्रंथासाठी विषय शोधण्याचे माझे काम सोपे झाले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी बहिणीची ही पोरकी मुले आपली म्हणून वाढवली. मामा हौशी शिकारी होते. त्या काळच्या संपन्न घरांतल्या मुलांप्रमाणे भाच्याच्या हातीही छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्याने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पाहिली नव्हती. मामांनाही ती ओळखता आली नाही. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. साल १९०८. एका इंग्रज साहेबापुढे मेलेली चिमणी हातात धरून उभा राहिलेला तो संकोची मुलगा आपण डोळ्यांसमोर आणावा. मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. ती पीतकंठी चिमणी आहे हे सांगितले, आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाटामागून कपाट उघडून दाखवले. साहेबांचा अर्धा तास मोडला असेल किंवा फार तर एक तास. कार्यालयाच्या दाराशी कोणी मूल काही विचारायला उभे राहिले, की मला हटकून मिलार्ड आठवतात आणि हातातली फाईल मी खाली ठेवते. दर वेळी ठेवली जातेच असे मात्र नाही.

शाळेत या मुलाची प्रगती बेताची होती. सततच्या डोकेदुखीने त्याचा अभ्यास बुडे. हवापालटासाठी त्याला काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवावे लागले. १९१३ साली तो मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेले तेव्हा शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात तावॉय येथे गेला. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा त्याचे लक्ष भोवतालच्या जंगलात अधिक. परत आल्यावर त्याने वाणिज्याचे शिक्षण घेतले आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला; पण विद्यापीठाची पदवी काही हाती लागली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला.

पदवी नसण्याची किंमत पुढे मोजावी लागली. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. सलीम अलींच्या तोडीचा उमेदवार शोधूनही सापडला नसता. पदवी नाही म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाही. गेली कित्येक वर्षे मी गुणपत्रिकांवर सही करीत आले आहे, आणि ही हकीकत वाचताना दर वेळी मला थोडे अवघडल्यासारखे होते.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. दोनच वर्षांत त्यांना आपले ज्ञान अपुरे वाटू लागले. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. तिथल्या मुक्कामात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर त्यांनी जे काम पाहिले त्याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. स्थलांतर करणारे पक्षी तिथे इजा न होता पकडीत, त्यांच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालीत आणि त्यांना सोडून देत. तो पक्षी पुढे कुठे सापडला, तर कड्यावरच्या क्रमांकावरून त्याच्या प्रवासाचा एक टप्पा कळे. पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात या प्रश्नावर तोवर बरेचसे अंदाजच चालत. कड्याने त्या अंदाजाला ठिकाण आणि तारीख दिली.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झाली होती. वय तेहतीस, संसार मांडलेला आणि नोकरी नाही. पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेली. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ज्याला दुसऱ्या कोणी बेकारी म्हटले असते, ते दिवस या माणसाने सुगरणींकडे बघण्यात घालवले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते. मग नर उरलेले विणकाम संपवतो आणि शेजारी नव्या घरट्याला व नव्या मादीच्या शोधाला लागतो, हा सारा व्यवहार त्यांनी दिवसागणिक टिपला. तोवर पुस्तकांत नसलेली ही माहिती होती. त्या निबंधाने त्यांचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

मग त्यांनी एक तोड काढली. देशातल्या अनेक संस्थानांच्या प्रदेशातील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी झालेलीच नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा, आपण कामाचा मोबदला घेणार नाही, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा पाहण्या होत गेल्या. बैलगाडी, तंबू आणि कंदिलाच्या या संसारात तेहमिना त्यांच्या सोबत असत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक निवर्तल्या. सलीम अलींच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा आघात. त्यानंतर ते बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहिले. पुन्हा विवाह केला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी म्हैसूर संस्थानाची पाहणी हाती घेतली. आपले बंगळूर तेव्हा याच संस्थानात होते. त्या पाहणीचा वृत्तान्त पुढे संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला, आणि आजही या भागात कोणता पक्षी पूर्वी होता किंवा नव्हता हा वाद निघाला की तोच उघडावा लागतो. श्रीरंगपट्टणजवळ कावेरीच्या पात्रातील लहान लहान बेटांवर हजारो पाणपक्षी घरटी करतात हे सलीम अलींनी हेरले आणि त्या जागेला संरक्षण द्यावे असे वोडेयर राजघराण्याला पटवले. १९४० साली रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य झाले. आपल्या सहलीची बस तिथे किती वेळा गेली असेल! होडीतून दिसणारी चित्रबलाकांची आणि चमचांची घरटी अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. सुसरींची आठवण तर त्याहून पक्की असेल.

१९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघाले. सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखता येईल असे ते पुस्तक आहे. आमच्या ग्रंथालयातील प्रतीचे पुठ्ठे दोनदा बदलावे लागले.

आता पाहुण्या पाखरांकडे वळते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ आसपासच्या गावकऱ्यांना तापाने घेरले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या तापाचा विषाणू शोधला. तो रशियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला आणि संशयाची सुई थेट आभाळाकडे वळली. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांनी अंगावरच्या गोचिडांतून हा रोग आणला असेल का? प्रश्न गंभीर होता. उत्तर होय असते, तर भेदरलेल्या लोकांनी तलावावरच्या पाखरांचे काय केले असते कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने स्थलांतराचा अभ्यास सुरू केला आणि साठी ओलांडलेले सलीम अली त्याचे सूत्रधार झाले. भरतपूर, कच्छ, दक्षिणेतील पॉइंट कॅलिमेर अशा ठिकाणी तळ पडले. बिहारमधल्या मीरशिकारांचे पिढीजात पाखरे पकडण्याचे कसब इथे कामी आले. एकेका पक्ष्याचे वजन करायचे, पंख मोजायचे, गोचीड असल्यास काढून कुपीत ठेवायचे, पायात कडे घालायचे, वहीत ओळ लिहायची आणि मूठ उघडायची. असे हजारो वेळा.

वसंतात हे पक्षी उडून गेले, आणि मग काही कड्यांची खबर सायबेरियापर्यंतच्या दूरदूरच्या मुलखांतून परत येऊ लागली. रोगाच्या बाबतीत मात्र पाखरे निर्दोष ठरली. क्यासनूरचा ताप त्या जंगलातलाच होता; स्थानिक गोचीड, उंदीर-घुशींसारखे लहान प्राणी आणि माकडे यांच्यात तो फिरत होता. पुढे या प्रकल्पाला अमेरिकी लष्कराशी संबंधित पैसा मिळाल्यावरून गदारोळ झाला आणि संसदेच्या लोकलेखा समितीनेही त्याची झडती घेतली. निधी कोणाचा हे विचारणे रास्तच होते. पण त्या वह्यांतून आपल्या देशातील स्थलांतराचे जे ज्ञान उभे राहिले, ते कोणाच्या संशयाने खोटे ठरत नाही.

मुले हे चरित्र ऐकताना एक प्रश्न हमखास विचारतात. पक्ष्यांवर इतके प्रेम करणारा माणूस पक्षी मारत होता? होय, मारत होता. त्या काळी नमुना हाती घेतल्याशिवाय जातीची खात्री पटवता येत नसे, आणि संग्रहासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी टिपले. मी हे मुलांपासून लपवत नाही आणि त्याचे गोड समर्थनही करीत नाही. ज्या हाताने बंदूक धरली त्याच हाताने पुढे जिवंत पक्ष्याच्या पायात कडे घातले, एवढे सांगते आणि उरलेला विचार त्यांच्यावर सोपवते.

मानसन्मान पुढे आले: १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, विद्यापीठांच्या सन्माननीय डॉक्टरेट, १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पूर्ण झाला. आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यांनी त्याच्या नावातच ती लहानपणची चिमणी घेतली. त्यांच्या नात्यातील जफर फतेहअली यांनी १९५९ मध्ये पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटे वार्तापत्र सुरू केले. फतेहअली पुढे बंगळूरला स्थायिक झाले आणि ते वार्तापत्र इथून निघू लागले. या शहरात पहाटे दुर्बीण घेऊन तलावावर जाणाऱ्यांची जी परंपरा आहे, तिच्यात अशा वाटांनी सलीम अली आलेले आहेत. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले. पावसाचे दिवस होते. ज्या पाखरांना त्यांनी कडी घातली त्यांचे वंशज तेव्हा हजारो मैलांवर आपली पिल्ले वाढवीत होते.

त्या मुलीला मी वहीत शून्यच ठेवायला सांगितले होते. कोऱ्या पानाचा अर्थ त्या दिवशी तलावावर कोणी गेलेच नाही असा होतो, आणि ती तर पहाटे सहापासून काठावर बसली होती. शून्याच्या शेजारी तारीख आणि वेळ लिहून तिने खाली सही केली. मागच्या रविवारच्या पानावर तिच्याच अक्षरात सतरा चक्रांग होते. म्हणजे ते त्या आठवड्यात कधीतरी गेले.