दैनंदिनीतील गोतावळा : चित्रकार एडवर्ड लियर

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष स्वाभाविकपणे त्यांच्या कर्तृत्वाकडे वेधले जाते. ते कोणाच्या पंक्तीस जेवले, कोणाच्या पत्राची वाट पाहत राहिले, कोणाच्या जाण्याने खचले, हा तपशील बहुधा काळाच्या उदरात गडप होतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार एडवर्ड लियर हा याला अपवाद म्हणावा लागेल. १८५८ ते १८८७ अशी तीस वर्षे त्याने नेमाने दैनंदिनी लिहिली. तिचे तीस खंड अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जतन केलेले आहेत. आज कोणाकडे भोजन झाले, किती पत्रे आली, किती गेली, कोणते चित्र किती पुढे सरकले, अशा नोंदींनी ते भरलेले आहेत. जन्मभर परमुलखात राहिलेल्या एका माणसाने आपला गोतावळा कसा सांभाळला, याचा तो रोजमेळच होय. घरापासून दूर आयुष्य काढणाऱ्या आपणां सर्वांस त्यात रस वाटावा, म्हणून हा अल्प परिचय.

लियरचा जन्म १२ मे १८१२ रोजी लंडनच्या होलोवे भागात झाला. आईवडिलांच्या एकवीस अपत्यांपैकी तो विसावा. वडील रोखेबाजारातील दलाल होते; त्यांच्यावर आर्थिक संकट कोसळले आणि कुटुंब विसकटले. लहानग्या एडवर्डला वाढविले ते त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या थोरल्या बहिणीने. तीच त्याची माता झाली. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला अपस्माराचे झटके येत. त्या काळी या व्याधीकडे लोक लज्जास्पद कलंक म्हणून पाहत. म्हणून ती त्याने मित्रांपासून आयुष्यभर लपविली. झटका आला की दैनंदिनीत तो फुलीची खूण करी. जिवलग स्नेह्यांना जे कळू दिले नाही, ते त्या फुल्यांना ठाऊक होते.

वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो चित्रे काढून पोट भरू लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसून काढलेल्या ४२ चित्रांचा त्याचा संग्रह १८३० ते १८३२ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने विशीही पुरती ओलांडली नव्हती. या कामामुळे लिव्हरपूलजवळच्या नोस्ली येथील डर्बी घराण्याचा आश्रय त्याला लाभला. तेथील खाजगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढता काढता त्या घरातील मुलांना रिझविण्यासाठी त्याने जी वेडीवाकडी, गमतीदार पाच ओळींची पद्ये रचली, त्यांचे पुस्तक १८४६ मध्ये निघाले. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे धडे देण्याचा मानही त्यास मिळाला. आयुष्यभर त्याने डोंगरदऱ्यांची, मंदिरांची आणि नद्यांची सहस्रावधी चित्रे काढली. जगाने मात्र त्याला लक्षात ठेवले ते मुलांसाठी सहज रचलेल्या पद्यांमुळे. दैवगती विचित्र असते, ती अशी.

प्रकृतीस इंग्लंडची थंडी मानवेना, म्हणून १८३७ मध्ये त्याने रोमची वाट धरली. तेव्हापासून इटली, ग्रीस, कॉर्फू, माल्टा अशी त्याची भ्रमंती अखेरपर्यंत चालली. उन्हाळ्यात कधी इंग्लंडला जावे, मित्रांच्या घरी मुक्काम करावा, चित्रे विकावीत आणि पुन्हा दक्षिणेकडे परतावे, असा क्रम बहुतेक वर्षे असे. त्याच्या दैनंदिनीत जी माणसे वारंवार भेटतात, त्यांतील काहींची ओळख येथे करून देतो.

पहिला चिचेस्टर फॉर्टेस्क्यू. रोममध्ये १८४५ साली झालेला हा परिचय पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. फॉर्टेस्क्यू राजकारणात शिरला, मंत्री झाला, पुढे लॉर्ड कार्लिंगफर्ड या नावाने सरदारपद पावला. पण लियरची विक्षिप्त वर्णरचनेची पत्रे त्याच्याकडे जातच राहिली. दुसरा फ्रँकलिन लशिंग्टन. १८४९ मध्ये माल्टा येथे त्याची गाठ पडली आणि दोघांनी ग्रीसचा दक्षिण भाग हिंडून काढला. लशिंग्टन कॉर्फू बेटावर न्यायाधीश म्हणून गेला तेव्हा १८५५ मध्ये लियरही त्याच्यामागून तेथे गेला. पण लशिंग्टन हा अबोल, संयमी प्रकृतीचा गृहस्थ. लियरने जितका जीव लावला तितका त्याच्याकडून उमटला नाही, आणि ही खंत दैनंदिनीच्या पानापानांवर झिरपलेली आहे.

कविवर्य टेनिसन यांच्या घरीही त्याचे जाणे-येणे असे. टेनिसनांच्या कवितांना त्याने चाली लावल्या होत्या आणि पियानोवर बसून तो त्या गाई, तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. परंतु कविराजांचा स्वभाव तापट. त्यांच्याशी अधूनमधून खटके उडत. त्याची खरी श्रद्धा होती ती त्यांच्या पत्नी एमिली यांच्यावर. १८७१ मध्ये इटलीतील सान रेमो येथे त्याने स्वतःचे घर बांधले, त्यास त्याने एमिलीचेच नाव दिले. चित्रकार होल्मन हंट हा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पण तैलरंगाची विद्या त्याच्याकडून शिकलो म्हणून लियर त्यास वडीलकीच्या नावाने हाक मारी. पन्नाशीत त्याच्या मनात ऑगस्टा बेथेल या तरुणीशी विवाह करण्याचा विचार घोळत होता. त्याने तिच्या बहिणीचा कानोसा घेतला, प्रतिकूल उत्तर मिळाले, आणि तो विषय तेव्हा मागे पडला.

लियरचा आपल्या देशाशी आलेला संबंध येथे सांगितलाच पाहिजे. कॉर्फूपासूनच्या स्नेहवर्तुळातील माणसे पुढे हिंदुस्थानच्या राज्यकारभारात मोठ्या पदांवर आली होती. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या आमंत्रणावरून साठी उलटलेला हा चित्रकार नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबई बंदरात उतरला. तेथील माणसांचे वेष आणि रंग पाहून तो हरखून गेला. काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, दिल्ली, सिमला असा प्रवास करून १८७४ च्या पावसाळ्यात त्याने पुण्यास मुक्काम केला. धोबी, भिस्ती, पंखा, नाला असे रोजच्या वापरातील शब्द भलत्याच अर्थाने योजून रचलेले त्याचे एक विनोदी काव्य त्याच वर्षी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आले. शब्दांचे अर्थ ठाऊक असलेल्या वाचकास ते वाचताना हसू आवरत नाही. पुढे दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोन पाहून जानेवारी १८७५ मध्ये तो मुंबईहून परतला.

या साऱ्या प्रवासात सावलीसारखा बरोबर असे तो त्याचा सेवक जॉर्जिओ कोकाली. १८५६ पासून १८८३ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, त्याने लियरची सेवा केली. लियरने त्यास लिहावाचावयास शिकविले, सिलोनमध्ये तो आजारी पडला तेव्हा त्याची काळजी वाहिली, त्याच्या कुटुंबाचा भार उचलला. मोठमोठ्या सरदारांची नावे ज्या पानांवर आहेत, त्याच पानांवर या गरीब सेवकाच्या सुखदुःखाच्या नोंदी तितक्याच आस्थेने केलेल्या आढळतात.

घरासमोर मोठे हॉटेल उभे राहून प्रकाश अडला, तेव्हा लियरने सान रेमोतच दुसरे घर बांधले आणि १८८१ मध्ये तेथे राहावयास गेला. लाडक्या फॉस या बोक्याचा गोंधळ होऊ नये म्हणून नव्या घराचा आराखडा जुन्याबरहुकूम ठेवला, अशी आख्यायिका आहे. नोव्हेंबर १८८७ मध्ये फॉस गेला आणि २९ जानेवारी १८८८ रोजी लियरनेही डोळे मिटले. अखेरच्या घटकेस सेवकाजवळ त्याने जे निरोप सांगितले, ते नॉर्थब्रुक, कार्लिंगफर्ड आणि लशिंग्टन या जुन्या मित्रांसाठी होते. अंत्यविधीस मात्र त्यांच्यापैकी एकही येऊ शकला नाही. त्याच्या समाधीशेजारी जॉर्जिओच्या स्मरणाची शिला उभी आहे.

या चरित्राकडे पाहताना आम्हांस राहून राहून एक गोष्ट जाणवते. लियरचा गोतावळा लहान नव्हता, खोटाही नव्हता. परंतु तो टपालाने जोडलेला होता. पत्र येई, माणूस येत नसे. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गावाकडची आप्तमंडळी जिव्हाळ्याची असतातच. पण परप्रांतात अपरात्री दुखणे उद्भवले, तर दार ठोठावण्यासाठी चार पावलांवर घर लागते, आणि वेळ आलीच तर खांदा देण्यास चार माणसे लागतात. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या मंडळाची पहिली वर्गणी गोळा केली, त्यांच्या मनात गणेशोत्सव आणि नाटके होतीच. त्यांच्याबरोबर ही चिंताही असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. मंडळाच्या जुन्या वह्यांतील ती नावे या सुवर्णमहोत्सवी वर्षी पुन्हा एकदा सावकाश वाचावीत, एवढीच विनंती.