शुश्रूषेच्या पाठिराख्या : कै. रमाबाई रानडे

आमच्या भद्रावतीच्या ज्या विद्यार्थिनी शुश्रूषेचें किंवा सुइणीचें शिक्षण घेऊं इच्छितात, त्यांनीं कै. रमाबाई रानडे यांचें चरित्र अवश्य जाणावें, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८७३ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं विवाह झाला, तेव्हां रमाबाईंस अक्षरओळखहि नव्हती. पतीनें त्यांस शिकविलें. त्यापायीं घरांतील वडील बायकांचे टोमणे त्यांनीं मुकाट्यानें सोसले.

१९०१ सालीं त्यांस वैधव्य आलें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें व रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. निराधार विधवांस स्वकष्टाची भाकर मिळावी, म्हणून ससून रुग्णालयांत त्यांस शुश्रूषा व प्रसूतिकर्म शिकविण्याची सोय संस्थेनें केली. त्या काळीं हें काम बहुधा युरोपीय व देशी ख्रिस्ती स्त्रियाच करीत. उच्चवर्णीय हिंदु विधवेनें परक्या रोग्यास स्पर्श करावा, रात्रीं घराबाहेर राहावें, हें समाजास रुचेना. दुखण्यांत उशाशीं परिचारिका हवी, पण आपल्या घरची मुलगी परिचारिका नको, अशी ती वृत्ति होती. रमाबाई डगमगल्या नाहींत. न्यायमूर्तींची पत्नी ज्या कामाच्या पाठीशीं उभी, त्यास हलकें म्हणणें लोकांस जड जाऊं लागलें. १९२४ सालीं त्या निवर्तल्या.

मुलींनो, घरून विरोध झाल्यास खचूं नका. पाठीशीं उभें राहील असें एक वडील माणूस शोधा. आणि शिकून कामास लागल्यावर, मागाहून येणाऱ्या मुलीच्या पाठीशीं तुम्ही उभ्या राहा.