सर दोराबजी टाटा

खोपोलीचे वीजघर शिरढोणकडील आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांवाटे खाली आणून तेथे वीज उत्पन्न करितात, व तिच्यावर सन १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. हे काम ज्यांनी सिद्धीस नेले त्या सर दोराबजी टाटा ह्यांचे चरित्र आम्ही आज सांगणार आहो. परंतु विजेकरिता नव्हे, तर त्यांनी आरंभिलेल्या विम्याच्या धंद्याकरिता.

दोराबजी हे जमशेटजी टाटांचे वडील चिरंजीव. जन्म मुंबईस, ता. २७ ऑगस्ट १८५९. घराणे पारशी. केंब्रिज येथे दोन वर्षे अध्ययन करून ते परतले, व सन १८८२ त मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून पदवीधर झाले. काही काळ त्यांनी वर्तमानपत्रात लिहिण्याचे काम केले. पुढे लोखंडाच्या शोधार्थ चांदा जिल्ह्याच्या रानांतून ते बैलगाडीने हिंडले. जमशेटजी सन १९०४ त वारले तेव्हा पोलादाचा कारखाना कागदावरच होता. १९०७ साली कंपनी स्थापून १९१२ साली पोलाद बाहेर पडले, ते पुत्राच्या चिकाटीने.

त्या काळी आपल्या देशातील मालाचा विमा बहुतांशी इंग्रजी कंपन्यांकडे असे. कापूस येथला, गिरणी येथली, पण आगीच्या व समुद्राच्या भयाचा हप्ता विलायतेस जाई. विमा म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांनी पनवेलची खाडी डोळ्यांपुढे आणावी. शंभर मचवेवाल्यांनी दरसाल थोडी थोडी रक्कम एका पेटीत टाकावी, आणि ज्याचा मचवा बुडेल त्यास पेटीतून भरपाई मिळावी, असा हा प्रकार. परंतु एकाच वादळात सारे मचवे बुडाले तर पेटीत काय उरणार? म्हणून विमेवाल्यास आपली जोखीम एका बंदरात न ठेविता नाना मुलखांत वाटावी लागते. दोराबजींनी हे ओळखिले होते. सन १९१९ च्या जुलै महिन्यात त्यांनी मुंबईस न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनी स्थापिली, व दुसऱ्याच वर्षी तिचे काम लंडनास सुरू केले. विम्याच्या धंद्याची जी राजधानी, तेथेच हिंदी कंपनीने दुकान मांडावे, हे धाडस लहान नव्हे. पुढे अनेक देशांत तिच्या शाखा झाल्या, आणि सन १९७३ त ती सरकारच्या मालकीची झाली.

इतरांची जोखीम वाटून घेणाऱ्या ह्या गृहस्थाची स्वतःची जोखीम मात्र कोणी वाटून घेतली नाही. सन १९२४ त पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतास आला. जमशेदपुरास मजुरांचा पगार देण्यास पैका उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची सारी खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेविली. पत्नी मेहरबाई ह्यांचे जडजवाहीर, त्यांतील ज्युबिली नावाचा प्रख्यात हिरादेखील, त्यांत गेले. मेहरबाईंनी ह्यास संमती दिली, ही गोष्ट आम्हांस पतीच्या धैर्याहून कमी वाटत नाही. कर्ज मिळाले, मजुरांची चूल पेटती राहिली, व कारखाना हळूहळू सावरला.

मूलबाळ नव्हते. सन १९३१ त मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत वारल्या. पुढील वर्षी दोराबजींनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती धर्मादाय न्यासाच्या स्वाधीन केली, आणि पत्नीच्या थडग्याच्या दर्शनास निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ता. ३ जून १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. परमुलखातील मरण शिरढोणकरांस अपरिचित नाही. त्यांचे वासुदेव बळवंत फडके सन १८८३ त एडनच्या तुरुंगातच गेले. दोराबजींस इंग्लंडात ब्रुकवुड येथे मेहरबाईंशेजारी पुरिले.

न्यासाच्या पैशातून सन १९३६ त मुंबईस नागपाडा येथे समाजसेवेचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे होते, व नागपाड्याच्या गरिबांत ते पूर्वीपासून काम करीत होते. सन १९४१ त परळ येथे कर्करोगाचे रुग्णालय उघडले. कोकणातील पुष्कळ आजारी माणसे बोटीने व आगगाडीने तेथे जाऊ लागली.